आमच्या घराण्याला वस्तरा चालत नाही

१२ ऑगस्ट १९८६, मंगळवार

कागद आणा म्हणे!

हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत बोलावलं. नवे आहेत, जूनमध्येच आले. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. "सुनीतीबाई, गैरसमज नको. पाचवीचे एक-दोन पालक येऊन गेले. मी स्वतः मानत नाही. पण डॉक्टरचा एखादा कागद असला, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील."

'महारोग' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मीच उच्चारला. पेपरवेट थांबला.

बावीस वर्षं या शाळेत शिकवतेय. नाकाच्या दोन्ही बाजूंना कण्यांसारखे दाणे आहेत, ते सगळ्यांना दिसतात. डोक्यावर पदराखाली सुपारीएवढ्या सात गाठी, त्या कुणाला दिसत नाहीत. डाव्या कानामागे एक निळसर — धक्का लागला की डोळ्यांतून पाणी काढते. सोळाव्या वर्षी सुरू झाल्या. वडिलांनाही होत्या. यापलीकडे मला काही ठाऊक नाही. कधी डॉक्टरला दाखवल्या नाहीत. का नाही? बी.ए. झालेली बाई, मुलांना देवीच्या लशीचा धडा शिकवते, आणि स्वतःचं डोकं बावीस वर्षं पदराखाली!

आणते म्हटलं. आवाज चढला होता. राग होता की भीती, हे घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

१३ ऑगस्ट

वर्गात पदर दोनदा सरकला. दोनदा ओढला. आणि मी म्हणते, मला लाज वाटत नाही!

१७ ऑगस्ट, रविवार

गावी जाऊन आले, धाकट्या भावाकडे. विश्रामच्या कावेरीला स्थळ आलंय शिरोड्याचं. मुलगा गुरुदास, मुंबईत नोकरीला. सुशीला भाकऱ्या थापता थापता सांगत होती, "अठ्ठावीस गुण जुळतत गो ताई. अठ्ठावीस!" भावजयीला इतकं खूश मी तिच्या स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

कावेरी वीस वर्षांची. कणकवलीला बी.कॉम. करतेय. दारात बसून नारळ खोवत होती. वाकली तेव्हा गालावर उजेड पडला. नाकाच्या कडेला दाणे. चार-पाच. कातडीच्याच रंगाचे, चकचकीत.

"कधीपासून गो हे?"

"ते? पुळयो. आई हळद लावता."

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी करपली.

जेवताना विश्रामला सांगितलं, गोव्याला जाऊन डॉक्टरला दाखवणार आहे. तो टोपी घालून जेवत होता. आमच्यात पुरुष टोपी काढत नाहीत, जेवतानाही नाही. घराण्याची रीत! घास हातात धरून तो म्हणाला, "चाळीस वर्सां कोणाक काय पडलेली नाय. आता चेडवाचा जमता तेव्हा तुका डॉक्टर आठवलो?"

"शाळेक कागद होयो."

"मगे शाळा सोड."

इतकं सोपं! माझी शाळा सोडायची, त्याची टोपी नाही. त्या टोपीखाली किती आहेत, मला माहीत नाही. लहानपणी एका न्हाणीत न्हालेली भावंडं आम्ही.

२६ ऑगस्ट

सावंतवाडीला गाडी बदलून गोवा. मोठ्या इस्पितळात त्वचेचे डॉक्टर फातर्पेकर. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलणं अर्धं कोकणी अर्धं मराठी.

"पदर काढा."

नर्स पुढे झाली, तिला म्हटलं — थांबा, मी काढते. चव्वेचाळीस वर्षांत परक्या माणसासमोर पहिल्यांदा. त्यांची बोटं केसांतून फिरली, भाजीवाली वांगी चाचपते तशी. घाईही नाही, किळसही नाही.

"किती आहेत म्हणालात?"

"सात."

"अकरा."

अकरा! स्वतःचं डोकं, आणि मोजणी चुकलेली!

टाचणी घेऊन हातापायांवर टोचून पाहिलं. "महारोग नव्हे. एवढं आत्ताच सांगतो. काय आहे ते तुकडे बघून सांगीन." तीन ठिकाणचे तुकडे काढले — नाकाजवळचा, डोक्यावरचा, कानामागचा. मग विचारलं, घरात आणखी कुणाला? वडिलांना, म्हटलं. आणखी? माहीत नाही. "बाई, शिक्षिका ना तुम्ही? मग जरा अभ्यास करून या." एक मोठा कागद दिला. वंशावळ काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गाठी असतील तर काळा भरायचा, नसतील तर कोरा. ठाऊक नसेल तर प्रश्नचिन्ह.

परतीच्या गाडीत बांद्यापर्यंत रडले. का? महारोग नाही म्हणून? तो नाही हे मला ठाऊकच होतं ना? की नव्हतं? बावीस वर्षं मुलांच्या वह्या तपासताना बोटं शक्यतो कागदाच्या कडेला धरत आले. आज पहिल्यांदा लक्षात आलं.

३१ ऑगस्ट, रविवार

आनंदीआत्याकडे गेले. वडिलांची बहीण, एक्याऐंशीची, इथेच कट्टा गावात मुलाकडे असते. कागद पुढे पसरला. म्हटलं, आत्ये, आजोबांच्या डोक्यावर होत्या?

"कोणाच्या नाय ता इचार!" आणि हसली. दात नाहीत, हसणं सगळं आहे.

मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

आमच्या घराण्याला वस्तरा चालत नाही. बाप मेला तरी मुलगा डोकं भादरत नाही. केसांच्या जागी देवाला नारळ ठेवतात. देवाचीच तशी आज्ञा आहे — लहानपणापासून हेच ऐकलं. गावात त्याचा मान आहे आम्हाला. दहाव्याला गुरव गाऱ्हाणं घालतो त्यात आमच्यासाठी वेगळी ओळ आहे. सात वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिकात मी या रीतीवर लेख लिहिला होता! श्रद्धा काय, परंपरा काय, शब्दांची नुसती रांगोळी.

आत्या म्हणाली, "कसली आज्ञा! तुझ्या पणज्याचो बापूस मेलो तेव्हा पणज्यान डोक्या भादरूक घेतल्यान. न्हाव्यान बघल्यान ते गाठी, वस्तरो टाकून पळालो! गावान आमची बाव बंद केली. दोन वर्सां पाणी खाडयेपलीकडसून. मगे पणजो देवळात कौल घेवक बसलो."

देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पणजोबांनी प्रश्न घातला — आमच्या डोक्याला वस्तरा लागलेला देवाला खपत नाही, म्हणूनच न्हावी पळाला, होय ना?

"आणि उजवी पडली?"

"पडासर तो थयच बसलो. तीन दीस. डावी पडली की म्हणा, परत लाव, वाऱ्यान पडली. शिरा पडली त्या कौलाच्या! चौथ्या दिसाक पडली एकदाची उजवी."

चार पिढ्या आम्ही ज्याला देवाचा मान म्हणत आलो, तो एका घाबरलेल्या माणसाचा हट्ट होता. राग आला. पण रागाखाली थोडं कौतुकही होतं, खोटं का लिहू. विहीर बंद झालेल्या माणसाने दुसरं करायचं तरी काय?

आत्याने माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. पांढऱ्या विरळ केसांत टणक, उबदार गोळे. मी विचारलं, तिच्या यजमानांना माहीत होतं का.

"काळोखात हातांक डोळे नसतत काय गो? तो कधी बोलाक नाय, मी कधी सांगूक नाय. बरो होतो बापडो."

घरी येऊन कागद भरला. पणजोबा काळे. आजोबा काळे. वडील, आत्या — काळे. विश्राम? टोपी हेच उत्तर. काळा. कावेरीच्या गोलावर पेन थांबलं. मग भरलं. चोवीस तास ज्या दाण्यांवरून माझा हात फिरतो, ते मला ओळखू येणार नाहीत?

१८ सप्टेंबर

चतुर्थीची गर्दी ओसरली, आज निकाल मिळाला.

डॉक्टरांनी थेट सूक्ष्मदर्शकाजवळ नेलं. तीन तुकडे, तीन जाती! नाकाजवळचे दाणे केसाच्या मुळातून वाढलेले. डोक्यावरच्या गाठी वेगळ्या, घामाच्या ग्रंथींसारख्या. कानामागची दुखरी तिसऱ्याच जातीची — आणि तिच्या पोटातच, मधोमध, डोक्यावरच्या जातीचं एक बेट. "एकाच माणसात सगळ्या. एका गाठीतसुद्धा दोन. वाचलं होतं, पाहिलं नव्हतं," म्हणाले. आवाजात आनंद होता. मला राग यायला हवा होता, आला नाही.

"बघा की तुम्हीही."

डोळा लावला. आधी नुसतं गुलाबी धुकं. मग त्यांनी चाक फिरवलं, आणि — गडगा! आपल्या कुंपणाचा गडगा! मातीशिवाय, चुन्याशिवाय, एकेक धोंडा शेजारच्याच्या कुशीत नेमका बसवलेला, प्रत्येकाच्या कडेने गुलाबी रेघ. जांभळे धोंडे. असा गडगा घालणारा गवंडी आता मिळणार नाही. सुंदर आहे! हे लिहायला मला लाज नाही. माझ्या डोक्यात अकरा सुंदर गडगे आहेत.

त्यांनी जे सांगितलं ते मुद्दाम लिहिते, विसरायला नको. स्पर्शाने लागत नाही. रक्तातून येतं. आई किंवा बाप, एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. बहुतेक सोळा-वीसच्या सुमारास दिसू लागतं. काढता येतात, पण नव्या येतात. क्वचित एखादी बिघडते. अचानक वाढली किंवा फुटली तर त्याच आठवड्यात यायचं.

मग वंशावळीवर बोट ठेवलं. "ही कावेरी, वीस वर्षांची. हिला कुणी तपासलं?"

"मी."

"बाई, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" हसून म्हणाले, पण म्हणाले. "तिला आणा. नुसतं बघून मीदेखील सांगणार नाही. तुकडा लागेल."

कागद मिळाला. शिक्क्यासकट.

२० सप्टेंबर, शनिवार

वाचला! शिक्षकांच्या खोलीत, उभी राहून, मोठ्याने. हेडमास्तर "कळलं, कळलं, बसा" म्हणत होते. मी म्हटलं, पूर्ण ऐका, मागितला होता ना? शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पदर खांद्यावर घेतला. डोक्यावर नाही, खांद्यावर. ड्रॉइंगचे सर खिडकीबाहेर बघत राहिले.

तशीच पाचवीच्या वर्गावर गेले. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, दुखता?"

"एकच दुखते."

"खंयची?"

दाखवली. तिने मान हलवली, आपल्या आजीला काही समजावून सांगायचं असल्यासारखी. मग आम्ही कविता घेतली.

२१ सप्टेंबर

मोकळ्या डोक्याला वारा लागतो. मला वाटलं होतं मोठं काहीतरी वाटेल. नुसता वारा लागतो.

५ ऑक्टोबर, रविवार

विश्रामशी भांडण. एकोणीस तारखेला शिरोड्याची मंडळी मुलगी बघायला येणार. मी म्हटलं, त्याआधी कावेरीला गोव्याला नेते, तांदळाएवढा तुकडा काढतील, कळेल तरी.

"बघूक येतले आणि नाकार टाको?"

"मग तेंका सांग. घराण्यात आसा म्हणान सांग."

"लग्न झाल्यार बघू."

"लग्न झाल्यार मगे?"

"मगे ता तेंचा."

जणू गाठ म्हणजे रुखवतातला तांब्या! मी म्हटलं, तू सांगणार नसशील तर मी सांगेन. तो उठला. टोपी सारखी केली आणि अगदी हळू बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुका हेवो वाटता ताई. तुझा जमूक नाय, म्हणान तिचा जमता ता तुका बघवत नाय."

सुशीला आत भांडी आपटत होती. थांबली.

६ ऑक्टोबर

हेवा आहे का?

रात्रीपासून हाच प्रश्न. नीट उत्तर द्यायचं ठरवलंय. बाविसाव्या वर्षी मलाही एक स्थळ आलं होतं. मीच नको म्हटलं. कुणाला फसवायचं नाही म्हणून — असं आजवर सगळ्यांना सांगत आले, स्वतःलाही. खरं असं: कुणीतरी पाहील, याची भीती वाटली. तत्त्व नंतर आणून चिकटवलं.

मग आताचं तत्त्व? हेही चिकटवलेलंच कशावरून?

कावेरीच्या लग्नात नाचायची माझी तयारी आहे. मनापासून. फक्त माणसांना कळून होऊ दे. हा हेवा असेल तर असो. हेवेखोर माणसाने सांगितलं म्हणून खरं खोटं होत नाही.

१९ ऑक्टोबर

मंडळी येऊन गेली. मुलगा रजा न मिळाल्यामुळे आला नाही, आईवडील आणि मध्यस्थ लवूमामा आले. मला विश्रामने आधीच सांगितलं, "तू आतच रव हां." राहिले. भांडून कावेरीचा दिवस नासवायचा नव्हता. भित्रेपणालाही असं एखादं चांगलं कारण नेहमी सापडतं.

आतून सगळं ऐकू येत होतं. मुलाचे वडील — दाजी म्हणतात त्यांना — भारदस्त आवाज. "तुमच्या घराण्याक वस्तरो चलत नाय म्हणतत, ता काय आसा?"

आणि विश्रामने सांगितलं! पणजोबा, देऊळ, कौल, उजवी पाकळी. देवाने स्वतः दिलेला मान. न्हावी पळाल्याचं नाही, बंद केलेल्या बावीचं नाही. दाजी भारावले. सावित्रीबाई, त्यांची बायको, म्हणाल्या, "असा घराणा मिळाक नशीब लागता."

ज्या लबाडीने गाठी झाकल्या, तीच लबाडी हुंड्यासारखी पुढे मांडली! आणि सगळ्यात वाईट म्हणजे सांगताना विश्रामचा आवाज खोटा नव्हता. त्याचा विश्वास आहे. आत्याने सांगितलेलं मी त्याच्या कानावर घातलं होतं. त्याने ते ऐकूनच घेतलं नाही.

पाहुणे गेल्यावर कावेरीला मागे बावीवर घेऊन गेले. तिच्या नाकावर पावडरचा थर. सगळं सांगितलं — आत्या, डॉक्टर, तीन जाती, निम्मी शक्यता. आणि म्हटलं, तुला आहे.

ती दगडावर बसली. पाण्यात बघत म्हणाली, "हात लावू?"

वाकले. तिची बोटं एकेक गाठ मोजत गेली, ओठ हलत होते. "अकरा," म्हणाली.

"होय."

"बाबांका माहीत आसा?"

"होय."

"आणि पावडर लावूक सांगल्यानी!" तिने बावीचं पाणी ओढलं आणि तोंड खसाखसा धुतलं. "तू सांगू नको आत्ये. माझा लग्न. मीच सांगतलंय."

२६ ऑक्टोबर, रविवार

शिरोड्याला गेलो, दोघी. घरी कुणाला न सांगता.

सावित्रीबाईंनी कोकम सरबत दिलं. कावेरी पेला हातात धरून, न पिता, बोलली. एका दमात. वाक्यं तिने गाडीत पाठ केली होती, मी ऐकत होते ना. तिथे एकही तशी आली नाही, सगळी वेगळी आली आणि जास्त चांगली आली. "माका आत्ता चार दाणे आसत. पुढे आत्येसारख्या होतीत. मुलांका होतीत नायतर नाय होतीत. गुरुदासाक सांगा आणि मगे काय ता ठरवा."

सावित्रीबाई माझ्या डोक्याकडे बघत होत्या. मी बघू दिलं.

"आणि तो देवाचो मान?" त्यांनी विचारलं.

"मान नाय. लपवणूक," मी म्हटलं.

त्यांनी दाजींना हाक मारली नाही. पेले उचलले. दारापर्यंत आल्या आणि कावेरीच्या पाठीवर हात ठेवला. "चेडू धीराचा आसा गो," एवढंच. हात खरा होता. पण त्यातून उत्तर कळलं.

परतताना मी विचारलं, रडू येतंय का. "भूक लागली," म्हणाली. वेंगुर्ल्याच्या स्टँडवर दोघींनी दोन-दोन भजीच्या प्लेटी खाल्ल्या.

४ नोव्हेंबर

लवूमामा येऊन निरोप देऊन गेला. पत्रिका जुळत नाही!

अठ्ठावीस गुण एका दिवाळीत गळाले.

५ नोव्हेंबर

विश्राम शाळेच्या फाटकाशी आला. आत नाही आला. "माझ्या घराक परत येव नको." मी म्हटलं, बरं. आणखी काही बोलायचं होतं त्याला, किंवा मी बोलायला हवं होतं. टोपीच्या कडेखालून घाम येत होता. माझा धाकटा भाऊ. गाडी आली.

संध्याकाळी कावेरी बॅग घेऊन दारात. "हयसून कणकवलीक गाडी सकाळी साताक. चलात मा?"

चालेल का विचारते!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बाजारात दोघी गेलो, मोकळ्या डोक्याने. यशोदा मासळीवाली, तिची जीभ म्हणजे कोयती. माझ्याकडे बघून टोपलीवरचा हात हलवायची थांबली. "बाय, माथ्यार माड लावलंस काय गो?"

सगळा बाजार ऐकत होता. कावेरी म्हणाली, "व्हय! पाडप झाला की पयला शहाळा तुका!"

यशोदा पोट धरून हसली. दोन बांगडे जास्त घातले. मीही हसले. चव्वेचाळीसाव्या वर्षी, स्वतःच्या गाठींवर, भर बाजारात! घरी आल्यावर पोट दुखत होतं.

२३ नोव्हेंबर

सकाळी आरशासमोर दोघी. ती आपलं नाक बघते, मी माझं. "आत्ये, ह्यो वाढलो वाटता." "नाय गो, तेवढोच." "आपण दोघी सारखी." मग चहा.

सुशीला परवा विश्रामच्या नकळत आली होती. तांदूळ आणले, लेकीच्या कपड्यांना हात लावून बघितला आणि गेली. कावेरी गाडीपर्यंत तिच्या मागे गेली. मी खिडकीत उभी होते — परत येते ना, बघत.

१२ डिसेंबर

कावेरीची सहामाही संपली, म्हणून आज गोवा. फातर्पेकरांनी नाकाजवळचा तुकडा काढला. एक टाका. तिने डोळे मिटले नाहीत. अहवाल टपालाने शाळेच्या पत्त्यावर पाठवतील.

बाहेर आल्यावर म्हणाली, "असला तर असला. तुझ्यासारखी झालंय तर काय वायट?"

हे वाक्य मी गाडीत मनात तीनदा म्हटलं.

३ जानेवारी १९८७, शनिवार

अहवाल आला. कावेरीच्या तुकड्यात तसलं काही नाही. साधे मुरूम, जुने होऊन घट्ट बसलेले. खाली डॉक्टरांनी हाताने लिहिलंय — बहुधा सुटली; पक्कं आज कुणीच सांगू शकणार नाही.

शिरोड्याला घराण्याचं खरं कळलं, त्याचा पश्चात्ताप नाही. पण तुला आहे, असं तिला बावीवर सांगणारी मी कोण होते?

वाचून पहिल्यांदा आनंद झाला नाही. दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हाही लगेच नाही.

हेवा नव्हता रे विश्राम. सोबत हवी होती मला.

कावेरी दीडच्या गाडीने येईल. तिच्या हातात आधी अहवाल देणार आहे. मग हे पान.